बसायला आलेली माणसं

करवंदीच्या जाळीत फुलं गळून हिरवे मणी दिसू लागले की मी बंगल्याच्या किल्ल्या खुंटीवरून काढते. खंडाळ्याचा सीझन पंचांग पाहून येत नाही, करवंदांवर येतो. मण्यांना लाली चढायच्या आत गाद्या उन्हात पडायला हव्यात, विहिरीचा गाळ निघायला हवा, पडदे धुऊन यायला हवेत आणि स्वयंपाकघराच्या धुराड्यातलं पाखरांचं घरटं काढायला हवं. किल्ल्या आमच्या ह्यांच्या नावावर आहेत. बंगल्याचे शेठ मुंबईला असतात, आणि हे रेल्वेच्या कचेरीत असल्यामुळे वेळेचे पक्के असणार असा शेठजींचा समज आहे. हे वेळेचे पक्के आहेतच, पण फक्त कचेरीच्या. बंगला पहिल्या वर्षापासून माझ्याच अंगावर आहे.

या वर्षीही सगळं नेहमीप्रमाणे चाललं आहे. धोब्याला विचारलं, पडदे शनिवारपर्यंत मिळतील ना? तो म्हणाला, "मिळतील की वैनी." सुताराला विचारलं, व्हरांड्यातली खुर्ची? "हुईल." कौलं चाळणाऱ्याने तोंडच उघडलं नाही. नुसती मान हलवली, आणि ती उभी हलली की आडवी हे मुंडाशामुळे कळलं नाही. इतकी वर्षं मावळात काढून मी 'हुईल'च्या जाती ओळखायला शिकले आहे. डोळ्याला डोळा देऊन म्हटलेलं हुईल म्हणजे दोन-तीन दिवसांत होईल. जमिनीकडे बघून म्हटलेलं म्हणजे या आठवड्यात नाही. "हुईल की, त्यात काय एवढं" असं हसत म्हटलं, तर तिथल्या तिथे दुसरा माणूस शोधायला लागावं. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मी ती रक्त आटवून मिळवली आहे. आणि दर चैत्रात ती वापरताना मला फ्रीसबाई आठवतात, कारण त्यांनी हे सगळं मला एका कागदावर लिहून मागितलं होतं.

फ्रीसबाई हॉलंडच्या. लढाई सुरू होण्याच्या आधीचा तो उन्हाळा. त्यांचे यजमान मुंबईत एका आगबोटीच्या कंपनीत होते. ते शनिवारी वर येत आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जात. बाकीचे दिवस बाई बंगल्यात एकट्या. उंच, हाडापेराने मोठ्या, आणि उन्हाने नाक कायम सोललेलं. कुणी त्यांना इंग्रजीण म्हटलं की भर रस्त्यात थांबून त्या चूक दुरुस्त करत. शेवटी आमच्या दूध घालणाऱ्या ठकूमावशीने मार्ग काढला. तिच्या आज्याच्या तोंडचा एक जुना शब्द तिला आठवत होता. ती त्यांना वलंदेजीण, म्हणजे हॉलंडची बाई, म्हणू लागली. बाईंनी मला त्याचा अर्थ विचारला आणि समाधानाने मान हलवली. बरोबर आहे म्हणाल्या.

त्यांचं इंग्रजी डच वळणाचं, माझं सातवीच्या पुस्तकातलं. अवघड शब्द दोघींनाही येत नसल्यामुळे आमचं चांगलं जमे. पहिल्या दिवशी मी बंगल्यातल्या सामानाची यादी घेऊन गेले, तर त्या स्वतःची यादी घेऊन दारात उभ्या. दोघींनी एकेक जिन्नस वाचला आणि खूण केली. मला वाटलं, देवाने यंदा आपल्या जातीचं माणूस धाडलं. आठवडाभरात माझं मत बदललं.

एक म्हणजे पडदे. मी ते स्वतः उभी राहून धुऊन घेतले होते, आणि बाई ते संध्याकाळी लावतच नसत. दिवे लागले की खिडक्या सताड उघड्या, आणि आत टेबलावर नवराबायको सूप पिताहेत ते रस्त्यावरून स्वच्छ दिसे. गवताचे भारे घेऊन घरी निघालेल्या बाया भारे टेकवून बघत उभ्या राहत. मी सांगितलं तर बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पडदे लावत नाहीत. लपवण्यासारखं काही नाही." मी म्हटलं, "तुम्हाला नसेल. बघणाऱ्यांची कामं खोळंबतात त्याचं काय?"

दुसरी गोष्ट वाढदिवसांची. त्यांच्याकडे वाढदिवसांचं एक लांबट कॅलेंडर होतं, आणि ते त्यांनी कुठे टांगलं होतं, तर शौचकूपाच्या भिंतीवर. का, तर तिथे माणूस रोज जातो आणि त्याला वाचायला वेळ असतो. मी चार दिवस तळमळले, आणि मग मला कबूल करावं लागलं की यात व्यवस्था आहे. माझी जन्मतारीख विचारली, तर मला नागपंचमीच्या आदल्या दिवसापलीकडे काही सांगता येईना. बाईंना हे इतकं असह्य झालं की त्यांनी स्वतःच एक तारीख ठरवून मला तिथे टांगून टाकलं.

तिसरी गोष्ट बोलण्याची. ठकूमावशी रस्त्यात भेटली की विचारी, "कुटं चालला बाई?" आपल्याकडे याचं उत्तर 'हितंच' असं असतं. बाई तिला नागफणीच्या कड्यापर्यंतची सगळी वाट सांगत, आणि नंतर मला विचारत की या दूधवालीला माझ्या फिरण्याशी काय करायचं आहे. "जेवला का?" असं तिने विचारलं तर बाई खरं ते सांगत, अजून नाही. मग ठकूमावशी पेचात. पुढच्या खेपेला ती दुधाच्या चरवीवर झाकण म्हणून भाकरी ठेवून घेऊन आली. दूध अर्थातच उशिरा. ते ती सबंध सीझन उशिराच आणत होती.

आणि बिस्किटं. बाईंनी मला कॉफीला बोलावलं. बोलावलं म्हणजे चार दिवस आधी विचारलं की गुरुवारी साडेदहा चालतील का. मी शेजारच्या आवारात राहते, ओट्यावरून हाक मारली तर ऐकू येते. असो. मी बरं लुगडं नेसून गेले. कॉफी आली. पत्र्याचा एक डबा आला, त्यावर निळी पवनचक्की. बाईंनी झाकण काढून डबा माझ्यापुढे धरला. रीतीप्रमाणे मी म्हटलं, "नको." त्यांनी स्वतः एक बिस्किट घेतलं, झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवला. घरी येऊन मी भाकरी खाल्ली. पुढच्या गुरुवारी मी नको म्हटलं नाही. मला एक मिळालं. मग झाकण.

त्यांच्याकडे नाही म्हणजे नाही, हो म्हणजे हो, आणि दोन्ही एकदाच म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर समोरच्याचा अपमान, कारण त्याचा पहिला शब्द तुम्ही धरला नाही. आपल्याकडे एकदा विचारून थांबलं तर अपमान, कारण विचारण्यात मन नव्हतं. या दोन गोष्टींच्या मधोमध मी त्या उन्हाळ्यात उभी होते आणि दोन्हीकडून मला ऊन लागत होतं. पण माझं सोडा. खरा जीव अडकला होता तो इमामभाईंचा.

इमामभाई बंगल्याचे खानसामा. मूळचे मळवलीचे. तरुणपणी कुठल्याशा रेल्वेच्या साहेबाकडे कटलेट आणि कस्टर्ड शिकले, तेव्हापासून ह्याच बंगल्याच्या चुलीपुढे. बायको जैनबीमावशी आणि ते बंगल्यामागच्या खोलीत राहत. खोली शेठजींची, पण खानसाम्यासाठी ठेवलेली. मळवलीचं घर कधीच पुतण्याच्या वाटणीला गेलं होतं. म्हणजे नोकरी होती तोवर छप्पर होतं.

इमामभाईंना नाही म्हणता येत नसे. सोमवारी बाई विचारत, "उद्या मासे मिळतील?" इमामभाई म्हणत, "व्हय मेमसाब." मंगळवारी टेबलावर अंडी. "मासे?" "हुईल मेमसाब, उद्या." बाई तडक माझ्याकडे.

"तो खोटं बोलतो. मंगळवारी मासे येत नाहीत हे त्याला सोमवारी माहीत होतं."

"माहीत होतं," मी म्हटलं.

"मग हो का म्हणाला?"

"तुम्ही फार आशेने विचारलंत."

मला इमामभाईंची बाजू घ्यायची नव्हती. मीही त्यांच्या हुईलने पिचले होते. दर वर्षी मुरंब्याला कैऱ्या हव्या म्हणून सांगायची आणि कैऱ्या पाडाला आल्यावर मिळायच्या. तरी बाई 'खोटं' म्हणाल्या ते मला लागलं.

मग बर्फाचं झालं. बाईंच्या यजमानांचे वरिष्ठ रविवारी जेवायला येणार होते. बर्फ मुंबईहून गाडीने, भुशात घालून बारदानात गुंडाळून यायचा. बाईंनी शुक्रवारी विचारलं, शनिवारी विचारलं, दोन्ही वेळा हुईल. रविवारी बारदान आलं, त्यात ओला भुसा होता. पाहुणे कोमट पाणी प्याले आणि हवा छान आहे म्हणाले. सोमवारी बाई, आधी वेळ ठरवून, माझ्या ओट्यावर आल्या.

"इमाम या महिनाअखेरपर्यंत. ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस मला नको. दुसरा शोधा."

"आणि त्यांची खोली?"

"खोली खानसाम्याची आहे असं तुम्हीच मला सांगितलंत."

सांगितलं होतं. यादीत लिहूनही दिलं होतं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

गावातल्या एका हॉटेलातला खानसामा मोकळा होता. मी त्याला निरोप धाडला, कारण सांगितलेलं काम मी करते. आणि त्याच संध्याकाळी मागच्या अंगणात जाऊन मी इमामभाईंची शिकवणी सुरू केली. जैनबीमावशी सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"इमामभाई, बाईंनी विचारलं बर्फ येईल का, आणि तो येणार नसला, तर काय म्हणायचं?"

"हुईल म्हनायचं."

"नाही म्हणायचं."

इमामभाई लाजल्यासारखे हसले. "असं तोंडावर कसं म्हनू वैनी? मानूस आशेनं इचारतंय. न्हाई म्हनलं की त्याची ती रात पन गेली. हुईल म्हनलं तर रातभर तरी बरं वाटंल."

"आणि सकाळी?"

"सकाळचं सकाळी."

"मला बरं न्हाई म्हनता येतं दिवसातनं धा येळा," जैनबीमावशी खडे वेचता वेचता म्हणाली. "मेमसाबपुढं जीभ कुटं जाती?"

"तू घरातली हायेस."

"व्हय, म्हनून तर. खोली गेली की पुतन्याच्या दारात पडवी मागाया मला धाडशीला. तितं बी तुमी हुईलच म्हनशीला."

मी म्हटलं, "म्हणून बघा. बर्फ नाही."

"बर्फ... यील, पर उशिरा."

"नाही म्हणा."

"बर्फ न्हाई..."

"छान."

"...असं न्हाई."

जैनबीमावशीने सूप खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. असे पुष्कळ दिवस गेले. दुपारी घाटातून गरम वारा वर येई, अंगणात फणसाचा वास दाटे, खालून विजेच्या इंजिनाचा घुमारा ऐकू येई, आणि मी एका पिकल्या दाढीच्या माणसाला नाही म्हणायला शिकवत असे. हे सगळं मी का करत होते कोण जाणे. घरी माझी स्वतःची पापडाची डाळ भिजत पडलेली असायची.

कधी कधी वाटे, याला शिकवते आहे ते मला तरी येतं का? आमच्या नणंदेच्या मुलीला स्थळं येत होती तेव्हाची गोष्ट. एकाही घराने नाही म्हटलं नाही. "घरात विचारतो," "थोरल्यांना कळवतो," "पत्रिका जरा बघून घेऊ." सगळ्यांना कळत होतं, आम्हालाही, आणि आम्ही वर त्यांना सरबत देत होतो. आपल्याकडे नकार म्हणजे गरम भांडं. ते फडक्याने धरून हळूच खाली ठेवायचं. फ्रीसबाई ते उघड्या हाताने उचलून टेबलावर आपटत, आणि त्यांचा हात कसा भाजत नाही याचं मला नवल वाटे.

महिना संपत आला होता. एका दुपारी तारवाला आला. तार म्हटल्यावर ती कुणाची हे आख्ख्या रस्त्याला कळतं, आणि त्यात काय आहे ते घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरून. बाईंनी ती उभ्यानेच वाचली, आत गेल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी दार वाजवलं.

"माझी आई वारली," आतून आवाज आला. "मला एकटीला राहायचं आहे. आभारी आहे."

मी करायच्या गोष्टी मनात मांडल्या. ह्यांच्या कचेरीतून मुंबईला यजमानांना कळवायचं. ते रात्रीच्या गाडीने येणार. पाण्याचा तांब्या दाराशी ठेवायचा. एवढं करून मी परत येते तो काय, बंगल्याच्या व्हरांड्यात ठकूमावशी बसलेली. जन्मात वेळेवर न आलेली बाई सगळ्यांच्या आधी आली होती. पदर डोक्यावरून घेऊन, भिंतीला टेकून, गप्प. मग गवतवाल्या दोघी आल्या. रेल्वेच्या चाळीतल्या बायका आल्या. जैनबीमावशी मागच्या दाराने येऊन पायरीपाशी बसली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ऊन कलू लागलं होतं.

बाईंनी पाण्यासाठी दार उघडलं आणि त्या तिथेच थबकल्या. मला त्यांनी बोटाने जवळ बोलावलं.

"ह्यांना काय हवं आहे?"

"काही नको."

"मग?"

"बसायला आल्या आहेत."

"कुणी बोलावलं?"

"याला बोलवत नाहीत."

"माझ्याकडे इतके कप नाहीत."

"चहा-कॉफी द्यायची नसते."

"किती वेळ बसणार?"

मी दाराशी ठेवलेला तांब्या त्यांच्या हातात दिला.

"त्या माझ्या आईला ओळखत नव्हत्या," बाई म्हणाल्या. रडून त्यांचा आवाज बसला होता. "मी काय बोलू त्यांच्याशी?"

"काही बोलायचं नाही."

त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की त्यांच्याकडे काळ्या कडेचं कार्ड पाठवतात. मग दिवस विचारून भेटायला येतात. दुःखातल्या माणसाला एकटं सोडणं हाच त्याचा मान. मला ते समजत होतं. व्हरांड्यातल्या बायकांचंही समजत होतं. इथे दुःखातलं माणूस एकटं राहिलं तर सगळ्या आळीने तोंड लपवावं. दोन्हीकडचं समजत असण्यासारखी वैतागाची दुसरी गोष्ट नाही. मी जाऊन ठकूमावशीच्या कानाशी वाकले. "मावशी, तिला एकटीला बसायचं आहे. त्यांच्याकडे तशी रीत आहे."

"बसू दे की," ठकूमावशी म्हणाली. "आमी कुटं तिच्या मांडीवर बसलोय?"

हे मी बाईंना सांगितलं नाही. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. पाठ ताठ केली, घड्याळाकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या इमामभाईंना म्हणाल्या, "इमाम, जेवण नेहमीप्रमाणे सात वाजता. सूप आणि कटलेट."

मला वाटलं, आता येईल ते हुईल.

"न्हाई मेमसाब," इमामभाई म्हणाले.

बाईंना वाटलं असावं की त्यांच्या ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"न्हाई. आज चूल न्हाई पेटनार. उद्याबी न्हाई."

इतके दिवस घसा कोरडा केला तेव्हा यांच्या तोंडून अर्धा नाही निघाला नाही, आणि निघाला तो आज, महिनाअखेरीच्या तोंडावर, आई गेलेल्या बाईपुढे. जैनबीमावशी पायरीवरून उठून उभी राहिली होती.

"तो काय म्हणाला?" बाईंनी मला विचारलं.

"नाही म्हणाला."

"नाही?"

"नाही. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारचे खायला आणतात."

"हा कुणाचा नियम?"

"सगळ्यांचा. त्यांच्याकडेही हाच, आमच्याकडेही हाच."

"पण माझी आई तर हॉलंडमध्ये गेली."

हे मी इमामभाईंना सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "कुटं का जाईना. लेक हितं हाय ना?" एवढं म्हणून ते बाईंकडे बघत उभे राहिले. जमिनीकडे नाही, बाईंकडे. हे वाक्य इंग्रजीत करायला मला वेळ लागला, आणि केल्यावर बाई व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या. पाठ ताठ नव्हती.

जैनबीमावशी खोलीतून झाकलेली थाळी घेऊन आली. पिठलं आणि भाकरी. दुःखाच्या घरात बाहेरून येणाऱ्या या पहिल्या जेवणाला आपण कडू घास म्हणतो. ती बाईंच्या पायाशी बसली आणि थाळी पुढे केली.

"नको," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांना येत होता. "थँक यू. नको."

"एक घास," जैनबीमावशी म्हणाली.

"नको."

"येकच, बाय."

"नको."

त्यांच्या देशात हे पहिल्या नकोलाच संपलं असतं. इथे ते सुरूही झालं नव्हतं. मी मध्ये पडायला पुढे झाले. जैनबीमावशीने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि बाईंच्या तोंडापुढे धरला. बाईंनी तोंड उघडलं, बहुधा पुन्हा नको म्हणायला, आणि मावशीने घास आत ठेवला.

बाई चावता चावता रडायला लागल्या. आवाज करून, खांदे हलवून, आमच्याकडची कुठलीही बाई रडते तशा. कुणी उठलं नाही, कुणी डोळे पुसायला गेलं नाही. ठकूमावशीने फक्त भिंतीवरची पाठ काढली आणि थोडी पुढे सरकून बसली. यजमान रात्री आले तेव्हाही सगळ्या बायका तिथेच होत्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी हॉटेलातला तो नवा खानसामा ट्रंक घेऊन हजर झाला. बाईंनी त्याला सरळ सांगितलं, "नाही. तुमची गरज नाही." मग त्याला बसवून कॉफी दिली आणि एक बिस्किट दिलं. आणि झाकण. तो माझ्याकडे बघायला लागला, मी बाईंकडे.

"मला आधी कळवलं असतं तर त्याचा हेलपाटा वाचला असता," मी म्हटलं. मला खरोखरच राग आला होता. कॉफीसाठी चार दिवस आधी सांगणारी ही बाई.

"मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल," बाई म्हणाल्या.

हे वाक्य आमच्याकडचं होतं. ते त्या कुठे शिकल्या कुणास ठाऊक.

इमामभाई दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हुईलवर आले. मासे मंगळवारी आले नाहीत, बर्फ वितळला, दूध उशिरा. एका गुरुवारी बाईंनी कागद-पेन्सिल माझ्यापुढे ठेवलं आणि हुईलचे सगळे प्रकार लिहून द्या म्हणाल्या. मी लिहून दिले. तो कागद त्यांनी वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी टांगला. पावसाच्या आधी व्हरांड्याला गवताचे तट्टे बांधायला माणसं आली तेव्हा त्या त्यांच्या डोळ्यांकडे निरखून बघत होत्या.

पुढे लढाई लागली. हॉलंड जर्मनांनी घेतलं आणि फ्रीसबाई मुंबईतच अडकल्या. बंगल्यावर त्या पुन्हा राहायला आल्या नाहीत. पण दर वर्षी त्यांनीच ठरवलेल्या तारखेला मला शुभेच्छांचं कार्ड येई आणि ह्यांना माझ्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन, कारण त्यांच्या देशात घरच्यांचंही करतात. हे त्या दिवशी कचेरीत जरा गोंधळलेलेच असत.

लढाईतल्याच एका उन्हाळ्यात इमामभाई गेले. करवंदं काळी झाली होती. चुलीपुढे बसल्या बसल्या गेले, कुणाला काही करायला लागलं नाही. मी फ्रीसबाईंना दोन ओळींचं कार्ड टाकलं, कळवायचं म्हणून. शेठजींना लिहून खोली जैनबीमावशीकडेच ठेवून घेतली. ती अजून तिथेच आहे, आणि आज सकाळीच धुराड्यातल्या घरट्यावरून माझ्याशी भांडली.

इमामभाईंचं दफन होऊन तेव्हा दोन-चार दिवस झाले होते. भर दुपार. मागच्या अंगणात मी चटया अंथरणं, पाण्याचा माठ भरणं, मळवलीच्या पाहुण्यांना सावलीत बसवणं असल्या कामात होते. फाटकातून उंच टोपी आत आली. फ्रीसबाई. स्टेशनापासून उन्हात चालत, नाक सोललेलं, ना कार्ड, ना तार, ना कशाचा पत्ता. यांना बसवू कुठे? पाणी कशातून देऊ? मी खुर्चीसाठी हाक मारेपर्यंत बाई बायकांच्या रांगेत चटईवर जाऊन बसल्याही. पाय घडी होईनात, तेव्हा त्यांनी ते एका अंगाला टाकले. ठकूमावशीने वळून बघितलं नाही, फक्त थोडी सरकली.

इमामभाईंचा पुतण्या माझ्यापाशी आला. "वैनी, त्या मेमसाबला काय पायजे? चाच्याकडं काय यायचं ऱ्हायलंय का?"

"काही नको," मी म्हटलं. "बसायला आल्या आहेत."

बराच वेळ बाई नुसत्या बसल्या होत्या. घड्याळ बघितलं नाही. मग त्यांनी पिशवीतून तो पत्र्याचा डबा काढला. पवनचक्कीचा निळा रंग कडेने उडाला होता. मयताच्या घरी बिस्किटं. मी त्यांना खूण करणार होते, पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी झाकण काढलं, एक बिस्किट घेतलं, त्याचा तुकडा मोडला आणि जैनबीमावशीच्या तोंडापुढे धरला.

"एक घास," त्या म्हणाल्या. मराठीत.

"नको, बाय," मावशी म्हणाली.

आता डबा बंद होणार, मला वाटलं.

"एक घास."

"नको."

बाईंना कमी ऐकू येत असावं असंच कुणालाही वाटलं असतं. हात तसाच पुढे होता, आणि मावशीने तोंड उघडेपर्यंत तसाच राहिला. मग डबा रांगेत फिरला, ठकूमावशीपासून पार पुतण्यापर्यंत, आणि रिकामा होऊन परत आला. झाकण कुठेच दिसेना. संध्याकाळी चटया झटकताना ते मला सापडलं.